डोळे चुकीच्या जागी नव्हते, साहेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, पण पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. चार ओळींत मावेल असं प्रकरण नाहीये त्यामुळे थोडं लांबणार आहे, तरी पूर्ण वाचा ही विनंती.

मी चिपळूणला राहते. त्याआधी बारा वर्षं पुण्यात गेम आणि अ‍ॅनिमेशनसाठी कॅरेक्टर डिझाईनचं काम केलं, त्यातलं निम्म्याहून जास्त काम म्हणजे जगात नसलेले प्राणी तयार करायचे. आता घरूनच कामं घेते आणि रविवारी मुलांचा चित्रकलेचा क्लास घेते. मागच्या महिन्यात इथल्या एका संस्थेने शाळकरी मुलांसाठी 'माझा काल्पनिक प्राणी' अशी स्पर्धा ठेवली होती, तीन परीक्षकांत मी एक होते. चित्रं आली 64. त्यातल्या 41 चित्रांत एकच प्राणी, मी मोजले, वटवाघळाचे पंख, पाठीवर काटे, तोंडातून आग. पाचवीतल्या मुलाचा तोच, नववीतल्या मुलीचा तोच, फक्त रंग वेगळा.

उरलेल्यांत एक चित्र होतं सातवीतल्या एका मुलीचं. पोस्टर कलरने काढलेलं, सगळं तपकिरी. लांबट, जमिनीला टेकलेलं अंग, म्हशीसारखी मागे वळलेली शिंगं, शेपटीच्या टोकाला खराट्यासारखे राठ केस, आणि डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला, एका ओळीत. कागदाच्या वरच्या भागात एक आडवी रेघ मारलेली होती, आम्हाला तिघांनाही वाटलं समास आखलाय.

बाकीच्या दोघांनी ते चित्र पहिल्याच फेरीत बाजूला ठेवलं. म्हणाले डोळे चुकीच्या जागी काढलेत, डोक्याच्या टाळूवर कधी डोळे असतात का, आणि हा नेमका कुठला प्राणी तेच कळत नाही. मी बरंच भांडले पण दोघांपुढे एकटीचं काय चालणार. पहिलं बक्षीस एका आगवाल्या ड्रॅगनला गेलं. ते चित्र मोबाईलवर एआयकडून करून घेऊन वरून गिरवलेलं असावं असं मला वाटतं, पण ते सिद्ध करता येणार नाही म्हणून त्यावर जास्त बोलत नाही, आणि त्या मुलाला मी दोषही देत नाही, त्याला दुसरं काही कोणी दाखवलेलंच नाहीये.

आता डोळ्यांचं बघा. आमच्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पावसाळ्यात मगर रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ तर तुमच्यापर्यंतही आले असतील. मगर पाण्यात असते तेव्हा दिसतं काय? नाकपुड्या आणि डोळे, बास. तिच्या नाकपुड्या, डोळे, कान सगळं डोक्याच्या वरच्या बाजूला जवळजवळ एकाच पातळीत असतं, म्हणून आख्खं अंग पाण्याखाली दडवून तिला श्वासही घेता येतो आणि काठावर कोण आलंय तेही बघता येतं. त्या मुलीने हे बघितलेलं होतं, लक्षात ठेवलं होतं, आणि योग्य जागी वापरलं होतं. म्हणजे 64 चित्रांत ज्या एका मुलीने खऱ्या जनावराकडे नीट बघितलं तिलाच आम्ही 'चूक' म्हणून बाद केलं. हे मला फार लागलंय.

आमच्या धंद्यात नवीन प्राणी करायला बसलं की पहिल्या दिवशी रंग नसतो, खवले नसतात. आगपेटीएवढे छोटे छोटे काळे आकार काढायचे, पन्नास, साठ, शंभर, नुसती सावली म्हणा ना, त्याला सिल्हूट म्हणतात. त्या काळ्या आकारावरून प्राणी वेगळा ओळखू आला तरच पुढे जायचं, नाहीतर आतमध्ये कितीही बारीक काम करा त्याचा उपयोग नसतो. मग सांगाडा. इथे मुलं हमखास अडकतात ते मागच्या पायात. कुत्र्याचा किंवा घोड्याचा मागचा पाय बघून सगळ्यांना वाटतं गुडघा उलटा आहे. तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे, खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. क्लासमध्ये मी मुलांना चवड्यावर उभं राहायला लावते, टाच वर उचला, गुडघे थोडे वाकवा, आता खाली वाकून आपल्या टाचेला हात लावा, हाच तो कुत्र्याचा 'उलटा गुडघा'. एकदा हे अंगाने कळलं की पोरगं आयुष्यात कधी जनावराचा पाय चुकवत नाही, मग त्या पायावर तुम्ही काय वाट्टेल ते धड बसवा, तो प्राणी उभा राहतो. पंखांचंही तसंच, पंख लावले की ते हलवायला छातीत स्नायू लागतात, पक्ष्याच्या छातीचं हाड उगाच पुढे आलेलं नसतं. एवढं जरी मुलांना सांगितलं असतं तरी त्या 41 जणांतल्या निम्म्यांचे ड्रॅगन वेगळे झाले असते.

आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवलंय, की काल्पनिक प्राणी खरा वाटायला हवा असेल तर त्याचा प्रत्येक अवयव कुठल्या ना कुठल्या खऱ्या प्राण्यासारखा पाहिजे, ड्रॅगन काढायचाय तर शिकारी कुत्र्याचं डोकं घ्या, मांजराचे डोळे, साळिंदराचे कान, ग्रेहाउंडचं नाक, सिंहाच्या भुवया, म्हाताऱ्या कोंबड्याची कानशिलं आणि पाण्यातल्या कासवाची मान. म्हातारा कोंबडा! नुसता कोंबडा नाही म्हणाला तो. त्याच्या चरित्रात एक गोष्ट येते, वडिलांनी एक ढाल रंगवायला दिली तर या पोराने पाली, नाकतोडे, साप, फुलपाखरं, वटवाघळं असलं सगळं गोळा करून आपल्या खोलीत आणलं आणि त्यातून एक भयानक प्राणी रचला, मेलेल्या किड्यामुंग्यांचा वास सुटला तरी त्याला पत्ता नव्हता, आणि वडील बघायला आले तेव्हा दचकून मागे सरले. खरंखोटं देव जाणे, पण ज्याने कोणी ही गोष्ट सांगितली त्याला हे काम कसं होतं ते माहीत होतं.

जगातले जुने प्राणी उलगडून बघायला लागलं की प्रत्येकाच्या मागे असा विचार सापडतो. प्राचीन इजिप्तमध्ये अशी समजूत होती की मेलेल्या माणसाचं हृदय परलोकात तराजूत एका पिसासमोर तोलतात, आणि ते जड भरलं तर खाऊन टाकायला अम्मित बसलेली असायची. तिचं तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हेच तीन का? कारण नाईलच्या काठावर राहणाऱ्या माणसाला मारणारी सगळ्यात मोठी जनावरं हीच तीन होती. बघणाऱ्याला काही समजावून सांगायला लागत नसे, तो बघताक्षणी घाबरायचा. किंवा असिरियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या जुन्या राज्याच्या, राजवाड्यांच्या दारातले ते दगडी राखणदार, लमासू, माणसाचं डोकं, बैलाचं अंग, पंख. त्यातल्या कित्येकांना पाच पाय आहेत. समोरून बघितलं तर दोन पाय जुळवून ठाम उभा, बाजूने बघितलं तर चार पायांनी चालतोय, आणि दोन्ही खरं दिसावं म्हणून पाचवा पाय. पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने दारातून आत येणारा माणूस कुठून कुठून बघणार याचा विचार करून ठेवलाय. मला पहिल्यांदा हे कळलं त्या दिवशी मी हातातलं काम बाजूला ठेवून संध्याकाळभर लमासूंचे फोटोच बघत बसले होते.

आपल्याकडे तर खजिनाच आहे. ओडिशात सरला दासांच्या पंधराव्या शतकातल्या महाभारतात नवगुंजर येतो, कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप, पाय हत्तीचा, वाघाचा, घोड्याचा, आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात, त्या हातात कमळ. अर्जुन असला प्राणी बघून धनुष्य उचलतो, आणि मग त्याला तो हात दिसतो. बाण सोडत नाही. कळतं की हा कृष्ण आहे. म्हणजे आख्खी गोष्ट त्या एका हातात आहे, तो हात काढून तिथे नुसता हरणाचा पाय लावला की उरला एक विचित्र प्राणी. आणि लांब कशाला, मुरुडला राजपुरीहून होडीने जंजिऱ्याला गेलात तर मुख्य दरवाजाजवळच शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलेला आहे, पंजांत हत्ती दाबलेले, शेपटीतही एक हत्ती गुंडाळलेला. हत्ती एवढेसे, हा एवढा मोठा. किल्ल्यात शिरणाऱ्याला जे सांगायचं ते दारातच सांगून मोकळे. आपण तिथे शाळेच्या सहली नेतो आणि मुलं होडीतले फोटो काढून परत येतात.

मकराचं तर फार गमतीशीर आहे. मगर हा आपला शब्द मकरवरूनच आलाय, आणि देवळांत बघाल तर मकराला बऱ्याचदा हत्तीसारखी सोंड असते, जबडा मगरीचा आणि मागे माशाची किंवा वेलबुट्टीची शेपटी, गंगा त्याच्यावर उभी असते. आता राशीचक्रातली मकर रास आठवा. इंग्रजी पद्धतीच्या चित्रात तिथे बकरा असतो, मागे माशाची शेपटी असलेला. तो मूळचा बाबिलोनचा, त्यांच्या पाण्याच्या देवाचा प्राणी. ही राशींची कल्पना ग्रीकांकडून फिरत फिरत आपल्याकडे पोचली तेव्हा इथल्या लोकांनी त्या अर्ध्या बकऱ्याच्या जागी आपला मकर बसवला, कारण पाण्यातलं गूढ जनावर म्हणलं की त्यांच्या डोळ्यांसमोर मगर यायची. नकल मारली नाही, आपल्या नदीत बघून घेतलं. त्या मुलीने दुसरं काय केलं?

ड्रॅगनशी माझं वैर नाही हो. चीनचा ड्रॅगन किती मुलांना माहीत आहे? त्याला बहुतेकदा पंखच नसतात, तो आग ओकत हिंडत नाही, तो पाऊस आणतो, नद्यांमध्ये आणि ढगांमध्ये राहतो. हरणाची शिंगं, सापाची मान, माशाचे खवले, गरुडाची नखं, वाघाचे पंजे, बैलाचे कान. पाऊस आणणारा ड्रॅगन कोकणातल्या पोराला किती जवळचा वाटेल, त्याच्याबद्दल त्याला किती काय सांगायचं असेल. पण त्याच्यापर्यंत पोचतो तो एकच, आगवाला.

एक गोष्ट मात्र मी माझ्या क्लासमध्ये फार कडकपणे सांगते. दुसऱ्याच्या गोष्टीतला प्राणी घेताना त्याची गोष्टही घ्यायची, नुसती कातडी ओढून आणायची नाही. उत्तर अमेरिकेतल्या अल्गॉनक्वियन भाषा बोलणाऱ्या आदिवासींचा वेंडिगो आहे, तो कडाक्याच्या हिवाळ्याचा, उपासमारीचा आणि हावरटपणाचा प्राणी, हाडाचा सापळा झालेला, कितीही खाल्लं तरी भूक न भागणारा. आज नेटवर शोधलंत तर हरणाची कवटी आणि मोठमोठी शिंगं दिसतील. जुन्या वर्णनांत ही शिंगं नाहीत, ती अलीकडे सिनेमावाल्यांनी चिकटवली, आणि आता जगभर तोच खरा समजतात, भुकेचा भाग कुठल्या कुठे गेला. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांचा तानिफा नदीत, वळणावर, डोहात राहतो असं ते मानतात, आणि 2002 मध्ये तिथे हायवेचं काम चालू असताना स्थानिक माओरींनी सांगितलं की इथे आमचा तानिफा आहे, तर रस्त्याची आखणी थोडी बदलून ती जागा राखली. म्हणजे आपल्याला जो गेममधला मॉन्स्टर वाटतो तो कोणाचा तरी शेजारी असतो. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, आपल्याकडे गावाच्या शिवेवर राखणदार आहे, गोव्यात देवचार आहे, घोंगडी आणि काठी घेतलेला, त्याला वर्षाचं देणं दिल्याशिवाय आमच्या आजोळी कोणी नांगर धरत नसे. उद्या कुठल्या परदेशी कंपनीने त्याला शिंगं लावून मारामारीच्या गेममध्ये टाकला तर आजीला काय वाटेल एवढाच विचार करायचा.

पण घाबरून हातच लावायचा नाही असंही मी म्हणणार नाही. लोकांनी संकटात नवे प्राणी केलेत आणि जुने पुन्हा बोलावलेत. जपानमध्ये 1846 सालच्या एका छापील पत्रकात अमाबिए नावाचा प्राणी आहे, लांब केस, चोच, अंगावर खवले, तीन पाय. समुद्रातून वर आला, म्हणाला सहा वर्षं पीक चांगलं येईल पण साथही येईल, माझं चित्र काढून लोकांना दाखवा. आणि परत पाण्यात गेला. ते चित्र पण बघा तुम्ही, कोणा शिकलेल्या चित्रकाराचं वाटत नाही, लहान मुलाने काढल्यासारखं साधं. 2020 मध्ये करोना आला आणि जपानी लोकांनी घराघरांत अमाबिए काढायला सुरुवात केली, मिठाईवर काढला, मास्कवर काढला, त्यांच्या आरोग्य खात्यानेही आपल्या जाहिरातीत घेतला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या वेड्यावाकड्या चित्राला परत काम मिळालं.

निकालानंतर मी त्या मुलीला शोधून काढलं. तिची शाळा माहीत होती. चित्र परत द्यायला गेले आणि तिला विचारलं जे खरं तर तिथे स्पर्धेत आम्ही तिघांनी विचारायला हवं होतं, की हा कुठे राहतो. तिने त्या वरच्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. "ताई, इथपर्यंत पाणी होतं ना."

समास नव्हता तो. 22 जुलै 2021. ती तेव्हा जेमतेम आठ वर्षांची असेल. ज्यांनी चिपळूणचा पूर बघितला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही बघितला त्यांनी एवढंच समजा की अजूनही बाजारात काही भिंतींवर ती खूण दिसते आणि आम्ही येताजाता नकळत तिच्याकडे बघतो. तिचा प्राणी त्या रेघेच्या खाली राहतो. म्हणून त्याचे डोळे वर, रेघेच्या जरासे वर, कोण कुठे अडकलंय ते बघायला. शिंगं कशाला तर माणसांना धरता यावं म्हणून, मागे वळलेली आहेत कारण पुढे असती तर लागली असती. मी विचारलं खातो काय. तर म्हणाली चिखल. पाणी गेल्यावर घरात जेवढा चिखल राहतो तेवढा सगळा खातो आणि शेपटीने झाडून घेतो. "म्हणजे आईला काढायला लागणार नाही."

साहेब, आमच्या घरातला चिखल काढायला आम्हाला अकरा दिवस लागले होते. घमेलं भरून बाहेर टाकायचं आणि परत आत यायचं, भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, मिक्सरच्या भांड्यात, पोरांच्या दप्तरात, सगळीकडे तो. मी बारा वर्षं पैसे घेऊन प्राणी केले, शरभ केले, दोन तोंडांचे गंडभेरुंड केले, परदेशी क्लायंटसाठी गरुडाचं डोकं आणि सिंहाचं अंग असलेले ग्रिफिन केले, पण चिखल खाणारा प्राणी मला सुचला नाही, आणि मी स्वतः तो चिखल उपसलेला आहे.

म्हणून दोन विनंत्या आहेत. एक, अशा स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्यांना तुमच्या पेपरातून सांगा की चित्राबरोबर मुलाकडून चार ओळी लिहून घ्या, हा कुठे राहतो, काय खातो, कशाला घाबरतो, त्याला बघून माणसं काय करतात. परीक्षकांनी त्या वाचल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत. एवढ्याने नकललेली चित्रं आपोआप मागे पडतील, कारण गिरवलेल्या ड्रॅगनला काय खायला घालायचं ते गिरवणाऱ्याला सांगता येत नाही. दुसरी, तुमच्या मुलांच्या पुरवणीत आठवड्याला एक प्राणी द्या, नवगुंजर, अम्मित, मकर, अमाबिए, आमच्याकडचा वाट चुकवणारा चकवा, चित्र देऊ नका, फक्त वर्णन आणि त्याची गोष्ट द्या आणि चित्र मुलांना काढू द्या. मजकूर मी लिहून देईन, मानधन नको.

त्या मुलीच्या चित्राचा फोटो सोबत पाठवतेय, तिच्या आईची परवानगी घेतली आहे, फक्त नाव देऊ नका असं त्या म्हणाल्या. छापणार असाल तर रंगीत पानावर छापा, काळ्यापांढऱ्यात तो तपकिरी रंग मरून जाईल आणि वरची रेघ कापू नका.

आपली नम्र,
एक वाचक, चिपळूण